चल पड

“आणि शेवटचा पाय कुणाचा मोडला?”

उल्काने हे विचारलं तेव्हा म्हातारा तिच्यासमोर गुडघा टेकून तिच्या बुटांच्या कड्या लावत होता. त्याने मान वर केली नाही.

“इथे?”

“तुमच्या हाताखाली.”

“एका दिल्लीवाल्याचा.”

“कसा?”

“हॉटेलचा जिना उतरताना.”

उल्का हसली नाही. हसायला ती आलीच नव्हती. तिने छोटी वही काढली आणि लिहिलं : टाळाटाळ.

“तुमचं प्रमाणपत्र बघायला मिळेल का, उस्तादजी?”

“घरी आहे.”

“निदान फोटो?”

“बायकोने लोणच्याच्या बरणीखाली घातलंय. बरणी डुगडुगत होती.”

तिने तेही लिहिलं.

म्हाताऱ्याचं नाव आलमसिंग. गढवालातल्या देवरखाल गावच्या बर्फावर सगळे त्याला उस्ताद म्हणत. उल्का तोंडावर ‘उस्तादजी’ म्हणायची आणि मनात ‘म्हातारा’. बोलणं हिंदीत चाललं होतं. त्याची हिंदी गढवाली वळणाची, तिची वाईकडची.

काल संध्याकाळी ती एकटीच इथे पोचली होती. देवदारांच्या वर पसरलेला हा पांढरा उतार ती जन्मात पहिल्यांदा बघत होती. खुर्च्यांचा एक रोपवे माणसांना वर नेत होता, आणि पायांना लांब स्की अडकवून ती माणसं किंचाळत खाली येत होती.

तिच्या कॉलेजच्या गिर्यारोहण मंडळातली चौदा मुलंमुली चार तासांवरच्या गावात बस थांबवून तिच्या शब्दाची वाट बघत होती. दुपारी दोन वाजता फोन. ‘या’ म्हटलं तर यायचं. ‘नको’ म्हटलं तर तिथूनच माघारी.

कारण गेल्या दिवाळीत, एका किल्ल्याच्या कड्यावर, भाड्याने घेतलेला गाइड म्हणाला होता, “दोर तपासलाय, बेटा.” आणि उल्का मंडळातल्या स्वरूपाला म्हणाली होती, “जा, काही होत नाही.”

स्वरूपा अजून काठी घेऊन चालते.

उल्का मंडळाची सचिव. या सहलीआधी ती चौदा घरी गेली. चौदा आयांसमोर बसून तिने सांगितलं की शिकवणारा माणूस मी स्वतः पारखेन, त्याशिवाय एकालाही बर्फावर पाय ठेवू देणार नाही.

“झालं बेटा. ऊठ,” म्हातारा म्हणाला.

बेटा... गाइड लोकांना सगळेच बेटा असतात.

खोलीच्या भिंतीला स्कीच्या जोड्या टेकवून ठेवल्या होत्या. दोन नव्याकोऱ्या, चकाकणाऱ्या. म्हाताऱ्याने ओरखडे पडलेली एक जुनी जोडी उचलली.

“त्या नव्या का नाहीत?”

“त्या पळतात.”

“मग? स्की पळायलाच असते ना?”

“तू पळायला आलीस?”

चांगली वस्तू बड्या पाहुण्यांसाठी राखायची आणि विद्यार्थ्यांच्या गळ्यात भंगार मारायचं, हे तिने सगळीकडे पाहिलं होतं. तेव्हा या उत्तराने तिचं समाधान होणार नव्हतं.

बूट स्कीवर जिथे बसतो तिथे एक कडी असते. तिच्या पुढच्या टोकाला स्क्रू. म्हाताऱ्याने तिला बूट घालूनच स्कीवर उभं केलं, तिचं वजन विचारलं, स्क्रूड्रायव्हरने तो स्क्रू फिरवला, बूट हलवून पाहिला आणि स्क्रू पुन्हा थोडा उलटा फिरवला.

“उलटा का?”

“ही कडी धरायला नाही. सोडायला आहे.”

कोड्यात बोलणाऱ्या माणसांचा उल्काला भारी राग. ज्याच्याकडे उत्तर नसतं तो कोडं घालतो, हे तिचं ठाम मत होतं.

म्हातारा काठ्या आणायला बाहेर गेला. उल्काने बूट डावीकडे दाबला, उजवीकडे दाबला. किंचित हलला. सह्याद्रीच्या कड्यावर जी गोष्ट हलते तिच्यावर जीव टाकायचा नसतो. ती खाली वाकली, खिशातला चाकू उघडला, टोक स्क्रूच्या खाचेत घातलं आणि पिळलं. दोन पूर्ण फेरे. मग दुसऱ्या पायाचा.

आता हलत नव्हतं. तिला बरं वाटलं.

म्हातारा काठ्या घेऊन आत आला. तिने चाकू खिशात टाकला होता.

पहिले दोन तास जवळजवळ सपाटीवर गेले. आडव्या पावलांनी चढ. गुडघे वाक. सरळ हो. पुन्हा वाक. शेजारून दिल्लीचं एक कुटुंब आरडाओरडा करत घसरत जात होतं, आणि उल्का जागच्या जागी उठाबशा काढत होती. म्हातारा स्वतःच्या स्की खांद्यावर टाकून तिच्या बाजूने नुसता चालत होता. सकाळपासून त्याने त्या एकदाही पायात घातल्या नव्हत्या.

याला येतं तरी का?

“आता पडायचं कसं ते शिकवतो,” तो मध्येच म्हणाला.

“मला पडायचं नाहीये. उभं राहायचं शिकवा.”

“आधी पडणं येतं, मग—”

“मी कड्यांवर चढते, उस्तादजी. पडणं मी बघितलंय.”

तो म्हणाला, “बरं. नंतर.”

तिने लिहिलं : विद्यार्थ्याने नको म्हटलं की सोडून देतो.

छोट्या उतारावर चार फेऱ्या झाल्या. स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, टाचा फाकवायच्या, की वेग मोडतो. उल्काला ते पटकन जमलं. पण प्रत्येक वळणाआधी ती काठीने समोरचा बर्फ ठोकायची.

दीडच्या सुमाराला ते रोपवेच्या खुर्चीत बसले. पायांखालून देवदारांचे शेंडे सरकू लागले.

“गावाकडे दगड चढतेस, तिथे आधी ठोकतेस का?” म्हाताऱ्याने विचारलं.

“हो. पोकळ वाजला तर त्याच्यावर भार टाकायचा नाही.”

“आणि बर्फ काय म्हणतो?”

“काहीच नाही.”

“हं...”

तो डोळे मिटून बसला. झोपला की काय, अशी शंका आली म्हणून उल्काने दोनदा त्याच्याकडे वाकून पाहिलं.

वर वारा होता. उतार सुरू व्हायचा तिथे जमीन संपल्यासारखी वाटत होती. आतापर्यंतचे उतार म्हणजे अंगण होतं. हा कडा नव्हता हे खरं, पण उल्काला तो कडाच वाटला.

म्हाताऱ्याने स्की पायांत अडकवल्या, दहा पावलं खाली जाऊन आडवा उभा राहिला आणि वळून तिच्याकडे पाहिलं. मग काठी वर करून ओरडला :

“चल पड!”

उल्का जागीच थिजली.

चल. पड.

असं होय! सकाळी पडायला नकार दिला, म्हणून आता डोंगराच्या माथ्यावर, सगळ्यांच्या देखत पाडून दाखवायचं. जिरवायची. तिला राग आला आणि रागाच्या तळाशी थोडं समाधानही वाटलं. तिने या माणसाला पहिल्या मिनिटापासून बरोबर ओळखला होता. ठीक आहे. पडतेच. दोन वाजता फोनवर सांगायला आयतं होईल.

तिने अंग डावीकडे झोकून दिलं.

पडताना स्कीची धार टणक बर्फात रुतली. अंग एका बाजूला गेलं, पाऊल गेलं नाही. गुडघा ओल्या कपड्यासारखा पिळला गेला.

ती किंचाळली.

म्हातारा आडव्या पावलांनी चढत आला तो इतक्या वेगाने, की ती कळवळतानाही चकित झाली. त्याने तिचा गुडघा दोन्ही तळव्यांत धरला.

“इथे दुखतं? इथे? वाकव... सरळ कर... मोडलं नाही. मुरगळलंय.”

तो मागे टेकून बसला.

“पडलीस कशी? अजून निघालीही नव्हतीस.”

“तुम्हीच सांगितलंत!”

“मी?”

“चल, पड, म्हणालात. माझ्या कानांनी ऐकलं.”

म्हातारा बुचकळ्यात पडला.

“मी म्हणालो, चल पड. म्हणजे निघ. चालायला लाग.”

“पड म्हणजे पडणं!”

“तुमच्याकडे?”

“आमच्याकडे.”

त्याच्या ओठांवर हसू आलं आणि तिथेच थांबलं.

“सकाळपासून मी जे बोललो त्यातलं एक अक्षर तुला पटलं नाही,” तो म्हणाला. “आणि जे मी बोललोच नाही, ते लगेच पटलं?”

उल्काने बर्फात पडलेली काठी ओढून घेतली.

म्हातारा आता तिच्या स्कीकडे बघत होता. त्याने कडीवरचा बर्फ झटकला. बूट डावीकडे दाबला, उजवीकडे दाबला. मग स्क्रूवर अंगठा ठेवून तसाच थांबला.

“हिने सोडायला हवं होतं,” तो हळू म्हणाला. “पाय अडकला की कडीने बूट सोडायचा असतो. सोडला नाही म्हणून गुडघा पिळला.”

उल्काचे कान गरम झाले.

“मीच जास्त आवळला असणार,” तो म्हणाला. “वय झालं. बोटांना आता कळत नाही.”

उल्काने त्याच्या चेहऱ्याकडे रोखून पाहिलं. खरंच असं वाटतंय याला? की जाळं टाकतोय?

खरंच वाटत असेल, तर स्वतःच्या हातांनी काय केलं हे न आठवणाऱ्या माणसाकडे चौदा मुलं कशी सोपवायची? आणि वाटत नसेल, तर हा समोर बसून खोटं बोलतोय. कसंही फिरवलं तरी उत्तर एकच येत होतं : नको.

आणि ते उत्तर तिनेच, चाकूच्या टोकाने पिळून तयार केलं होतं.

फोन वाजला. शलाका. मंडळाची उपसचिव, बसमधल्या चौदांपैकी वयाने मोठी.

“ताई, दोन वाजले. ड्रायव्हर कटकट करतोय. काय करू? येऊ का?”

“शलाका... मी पडले गं.”

“अगं बाई! कशी?”

“गुडघा मुरगळलाय. फार नाही. स्कीच्या कडीचा स्क्रू प्रमाणाबाहेर आवळलेला होता.”

“बघ! परत तेच! या लोकांना दुसऱ्याच्या जिवाची काही पडलेलीच नसते. बरं झालं तू आधी गेलीस. आम्ही फिरतो मागे. तू पण नीघ तिथून.”

उल्काने फोन दुसऱ्या कानाला लावला.

तिने उच्चारलेल्या वाक्यात एक शब्दही खोटा नव्हता.

म्हातारा मूठभर बर्फ रुमालात गुंडाळून तिच्या गुडघ्यावर दाबत होता. त्याला मराठी येत नव्हती. या अख्ख्या डोंगरावर ती कळणारं कुणी नव्हतं. फोन ठेवायचा, एवढंच काम उरलं होतं. चौदा आया तिला दुवा देणार होत्या.

“ठेवू का, ताई?”

“थांब,” उल्का म्हणाली. “मी आवळला होता.”

“काय?”

“स्क्रू. मी आवळला. सकाळी, ते बाहेर गेले तेव्हा. चाकूने. त्यांनी लावला होता तो बरोबर होता.”

पलीकडे बसमधला गलका ऐकू येत होता. कुणीतरी गाणं म्हणत होतं.

“ताई... तू?”

“हो.”

“मग आम्ही कुणावर विसंबून यायचं?”

गाणं चालूच होतं...

“अर्धा तास दे,” उल्का म्हणाली. “खाली पोचून फोन करते.”

तिने फोन खिशात ठेवला आणि, वर न बघता, सगळं हिंदीत सांगितलं. स्क्रूचं. चाकूचं. चौदा मुलांचं. स्वरूपाचंसुद्धा, जे तिने कधी कुणाला नीट सांगितलं नव्हतं. “जा, काही होत नाही” हे शब्द सांगताना तिचा आवाज फाटला.

आलमसिंग ऐकत होते. मध्ये एकदाही ‘हं’ म्हणाले नाहीत.

सांगून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला.

“चाकू.”

तिने दिला. आता हा दरीत फेकणार, असं तिला वाटलं. त्यांनी तो उघडला, टोक स्क्रूच्या खाचेत घातलं, दोन फेरे उलटे फिरवले. दुसऱ्या पायाचेही. बूट हलवून पाहिला. चाकू पुसला, मिटला आणि तिच्या हातात परत दिला.

मग स्वतःचा पाय उचलून, स्कीसकट, तिच्या मांडीजवळ बर्फात ठेवला.

“आता ही कडी बघ.”

“मला काय कळतं त्यातलं?”

“म्हणून तर बघ.”

तिने त्यांचा बूट धरला. कातडं झिजून मऊ झालं होतं. तिने डावीकडे दाबलं, उजवीकडे दाबलं.

“हलतेय,” ती म्हणाली.

“काय करू? आवळू?”

तिने बूट पुन्हा एकदा दाबून पाहिला.

“सांग.”

“राहू दे. हलू दे.”

त्यांनी डॉक्टरांचं ऐकावं तशी मान डोलावली.

“खुर्चीतून खाली जाऊ शकतेस. रोपवेवाला ओळखीचा आहे.”

तिने उभं राहून गुडघा वाकवला. दुखत होतं. पण भार घेत होता.

“हळू नेलंत तर येते.”

“हळूच नेतो मी. चल—”

या खेपेला पुढचा शब्द त्यांनी गिळला.

ते पुढे, ती मागे. उतार जसा ओढू लागला तशी उल्का मागे रेलली, डोंगराकडे. कड्यावर पाठ डोंगराला लावली की जीव वाचतो, हे तिच्या हाडांत होतं. स्की तिच्या हातातून निसटलेल्या दोन म्हशींसारख्या पुढे पळाल्या.

“दरीकडे झुक!” उस्ताद ओरडले.

दरीकडे? मागे रेललं तर निदान बुडावर पडू. दरीकडे झुकायला सांगणारा माणूस एकतर वेडा असतो किंवा... तिने शंका पूर्ण होऊ दिली नाही. वेळच नव्हता. तिने सगळा भार, काठीने न ठोकता, खालच्या पायावर टाकला.

कर्र... आवाज झाला. धार बर्फात बसली. स्की वळली आणि तिच्यासोबत उल्काही वळली.

भार पडल्यावर बर्फ बोलला होता.

ती पुन्हा झुकली. पुन्हा कर्र... मधूनच भीती उसळायची, ती मागे रेलायची, आणि स्की लगेच बेलगाम व्हायच्या. अर्ध्या वाटेवर ती खरोखरच पडली. खट् करून कडीने बूट सोडला. स्की निघून बाजूला जाऊन पडली, पाय मोकळा, गुडघा जागेवर. उल्का बर्फात बसून त्या सुटलेल्या स्कीकडे बघत राहिली.

उस्ताद खाली थांबले होते. त्यांनी मदतीला यायची घाई केली नाही.

पुढच्या उतारावर तिने पहिल्यांदाच त्यांना नीट उतरताना पाहिलं. बघत राहावं असं त्यात काही नव्हतं. घागर घेऊन पाण्याला निघालेल्या माणसासारखे ते चालले होते, जरा वाकून, कुठलीही घाई नसल्यासारखे. यांना एवढंच येतं, की माझ्यासाठी एवढंच करताहेत? उल्काला कळलं नाही. तिने ते वहीत लिहायचंही ठरवलं नाही.

खाली पोचेपर्यंत तिचे गाल वाऱ्याने सोलवटले होते. चहाच्या टपरीच्या बाकावर ती धपकन बसली. फोन हातात घेतला.

“उस्तादजी.”

“हां.”

“मुलांना काय सांगू?”

“ठरवायला तू आली होतीस.”

ती चमकली. “तुम्हाला आधीच माहीत होतं? मी वर सांगायच्या आधी?”

“पाहुणे फोटो काढतात, बेटा. वहीत कोण लिहितं?”

या खेपेला ‘बेटा’ तिला खटकलं नाही. तेही तिच्या लक्षात आलं, आणि ती थोडी सावध झाली.

“ठरलंय माझं,” ती म्हणाली. “बोलावते. पण ती शलाका विचारतेय, विसंबायचं कुणावर. तिला सांगते मी सगळं. असा माणूस मी पाहिला नाही म्हणून सांगते. माझी चूक तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलीत, माझाच चाकू मला परत दिलात, मला तुमची कडी तपासायला लावलीत. एकदा हे सांगितलं ना, की डोळे मिटून तुमच्या मागे येतील ती चौदाही जणं, बघा तुम्ही. मी फोन लावते. मी सांगते त्यांना, की उस्ताद म्हणजे—”

उस्तादांनी हात वर केला. ती थांबली.

पलीकडे फोनची रिंग वाजू लागली होती...

“बोलाव,” ते म्हणाले. “पण माझ्याबद्दल चांगलं काही सांगू नकोस. डोळे उघडे ठेवून येऊ दे त्यांना.”